कॉलेजास निघालेल्या लेंकराची पाठराखण

नवी नवरी पहिल्यानें सासरीं निघाली म्हणजे तिच्याबरोबर पाठराखीण देण्याची चाल आमच्या खेड्यापाड्यांत आहे. कधीं म्हातारी आजी, कधीं आत्या, कधीं पाठची बहीण. ती चार दिवस नवरीजवळ राहते. पाणी कोठून आणायचें, कोणाशीं बेतानें बोलायचें हें बघून ठेवते. पोर पोटभर जेवली कीं लाजून तशीच निजली याची चौकशी करते. आणि मग माहेरीं येऊन आईबापांस खरा वृत्तांत सांगते. आमच्या वाडवडिलांस लिहितां-वाचतां येत नव्हतें; पण नव्या घरीं माणूस एकटें धाडूं नये एवढें शहाणपण त्यांस होतें. तेंच आमचें घराणें, सात पिढ्यांत पहिलें पोर कॉलेजास निघालें म्हणजे काय करतें? हातांत एक बॅग, फडक्यांत चार दिवसांच्या भाकरी व शेंगदाण्याची चटणी देऊन त्यास एस्. टी.त बसवितें, आणि कर्तव्य झालें असें समजून घरीं येतें. दुसऱ्यास नांवें ठेवण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. आम्हींही तेंच केलें, आणि त्याचें फळ आमच्या डोळ्यांपुढें आहे.

आमच्या गांवच्या लोहाराचा मुलगा दोन वर्षांपूर्वीं बारावी पास झाला. शेंकडा ८४ गुण. त्याच्या घरीं त्याच्या आधीं दहावीची परीक्षा कोणीं दिली नव्हती. शाळेंत शाल-श्रीफळ झालें. वेशीवर त्याच्या फोटोचा फलक लागला, आणि त्यावर सरपंचापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत चौदा पुढाऱ्यांचे फोटो त्याच्या फोटोहून मोठे झळकले! बापानें दोन शेळ्या विकून प्रवेशाचे पैसे भरले. पोर मोठ्या शहरांतील एका नांवाजलेल्या कॉलेजांत शास्त्र शाखेस गेलें, आणि दिवाळीस अजून महिना असतां बॅग घेऊन परत आलें. चावडीवर लोक हंसले. बाप लाज झांकण्यासाठीं म्हणाला, "बरं झालं. भात्यावर माणूस पाहिजेच होतं."

पोर महिनाभर कोणाशीं बोललें नाहीं. मग एके दिवशीं आम्ही खुरप्यास धार लावून घेण्यास गेलों असतां त्यानें थोडथोडें सांगितलें. सरकारी वसतिगृहाच्या यादींत नांव लागलें नाहीं, म्हणून एका खोलींत चौथी कॉट भाड्यानें घेतली. खाणावळ रविवारीं रात्रीं बंद. त्या रात्रीं बिस्किटांवर निजायचें. पहिल्याच आठवड्यांत वर्गांत उभें राहून बोलण्याची पाळी आली, तोंडून 'पानी' असा शब्द गेला, आणि वर्ग हंसला. हंसणारीं पोरें दुष्ट होतीं असें नाहीं. पण त्या दिवसापासून हा शेवटच्या बाकावर गेला तो गेलाच. जो मुलगा लोखंडाचा रंग पाहून तें किती तापलें हें अचूक सांगतो, तो प्रयोगशाळेंत इंग्रजी नांव ठाऊक नाहीं म्हणून उपकरणास हात लावीना. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरला, तो उत्पन्नाचा दाखला मागल्या सालचा म्हणून परत आला. परत आल्याचा निरोप इंग्रजींत. त्याचा अर्थ उमगला नाहीं. कचेरींत विचारावें तर कारकून म्हणे, उद्यां या. मुदत निघून गेली. घरीं कळवावें तर बापानें शेळ्या विकलेल्या. "गुरुजी," तो म्हणाला, "अभ्यास काय लई जड नव्हता. पर दिवसभर आपल्याशी कुणी बोललंच न्हाई, तर रातच्याला पुस्तक उघडू वाटायचं न्हाई."

हें ऐकून आम्हांस आमचीच लाज वाटली. त्या शहरांत आमच्या गांवचे सात असामी नोकरीस आहेत. एक तर त्या कॉलेजापासून कोसभरही दूर राहत नाहीं. त्यांपैकीं एकाचाही पत्ता आम्हीं त्या पोराच्या वहींत लिहून दिला नव्हता. शाल दिली, नारळ दिला, भाषण दिलें. पत्ता मात्र दिला नाहीं. आम्ही स्वतः शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजांत शिकलों. तेथें बहुतेक पोरें खेड्यांतलीं, सगळ्यांची बोली एक, शिकवणें मराठींत. त्यामुळें परकेपणा कशास म्हणतात हें आम्हांस कळलें नाहीं. आणि जें आम्हांस कळलें नाहीं तें पोरास काय सांगणार?

आतां दुसरें उदाहरण ऐका. शेजारच्या वाडींतल्या एका शेतमजुराची मुलगी त्याच वर्षीं जिल्ह्याच्या गांवीं कॉलेजास गेली. गुण शेंकडा ६१. पहिले आठ दिवस ती रडत होती, आणि बाप तिला आणावयास निघालाही होता. पण वसतिगृहांत तिच्या शेजारच्या कॉटवर तिसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. ही कुणब्याची, ती चर्मकाराची. त्या मुलीनें हिला हातास धरून कचेरींत नेलें, कोणत्या खिडकीवर काय मागायचें तें दाखविलें, आपल्या जुन्या वह्या दिल्या, आणि महिनाभर जेवतांना आपल्याजवळ बसविलें. वसतिगृहाच्या बाई रात्रीं फेरी घालतांना "आज जेवलीस ना ग?" एवढेंच विचारीत. पुढें 'कमवा व शिका' योजनेंतून ग्रंथालयांत काम मिळालें आणि खाणावळीचा भार हलका झाला. या जूनमध्यें ती मुलगी शेवटच्या वर्षास जाईल. गेल्या साली तिच्या शेजारीं नवी मुलगी आली, तेव्हां हिनें आपल्या वह्या तिच्यापुढें ठेवल्या.

८४ गुणांचा मुलगा भात्यावर, आणि ६१ गुणांची मुलगी कॉलेजांत! यांत बुद्धीचा प्रश्न कोठें आला? दोघांत फरक एवढाच कीं, एकीस पाठराखीण मिळाली व दुसऱ्यास मिळाली नाहीं. फी भरली व पुस्तकें घेतलीं म्हणजे मुलाचें शिक्षण मार्गी लागलें, हा आमचा भ्रम आहे. 'तूं येथला आहेस' असें पहिल्या महिन्यांत ज्यास कोणी जाणवून देत नाहीं, तें पोर कितीही हुशार असो, त्याचा पाय तेथें ठरत नाहीं.

यावर कांहीं शहाणे म्हणतील कीं, ज्याच्यांत धमक असेल तो रस्त्याच्या दिव्याखालींही शिकेल. दिव्याची गोष्ट आम्हीही मुलांस सांगतों. पण ती सांगणारे अर्धी गोष्ट गाळतात. पूर्वीं पुण्यासारख्या शहरीं गरीब ब्राह्मणाचा मुलगा शिकावयास आला म्हणजे तो माधुकरी मागे, नाहींतर सात घरीं सात वार लावून जेवे. सोमवार एका घरीं, मंगळवार दुसऱ्या. म्हणजे शहरांत पाऊल टाकतांच सात चुली त्याच्या पाठीशीं उभ्या राहत. दिवा रस्त्याचा असेल, पण ताट घरचें होतें. त्याच शहरांत कुणब्याच्या, साळ्याच्या, कुंभाराच्या पोरास वार लावून जेवावयास घर कोणतें होतें? आणि ज्यास अस्पृश्य म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवलें होतें त्याची तर गोष्टच नको. ब्राह्मण समाजानें आपलीं पोरें अशीं सांभाळलीं हा त्याचा दोष नव्हे, गुण आहे. दोष इतकाच कीं, ती पंगत जातीच्या दाराशीं थांबली. आपण गुण घ्यावा व दोष टाकावा.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीं ज्यांनीं ओळखली ते राजर्षि शाहू छत्रपति. कोल्हापुरांत राजाराम कॉलेज १८८० पासून होतें. पण कॉलेज असून खेड्यांतला मुलगा तेथें येत नव्हता, कारण रात्रीं पाठ टेकण्यास जागा व सकाळीं भाकरी नव्हती. म्हणून महाराजांनीं १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें. त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी अशा एकेका समाजाच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं राहिलीं, आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. कोल्हापुरास विद्यार्थी-वसतिगृहांची जननी म्हणतात तें याचमुळें. नाशकास १९१४ सालीं उदोजी मराठा बोर्डिंग झालें. सोलापुरास १९२५ सालीं डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें वसतिगृह काढलें. अमरावतीस पंजाबराव देशमुखांनीं श्रद्धानंद छात्रालय चालविलें. आमच्या चळवळीचा इतिहास सभांच्या ठरावांत शोधूं नये. तो या बोर्डिंगांच्या भटारखान्यांत आहे.

एका जातीची मुलें दुसऱ्या जातीच्या पंगतींत बसत नसत, असा तो काळ होता; म्हणून बोर्डिंगेंही जातवार निघालीं. त्यापुढचें पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांचें. भाऊराव स्वतः कोल्हापुरांत बोर्डिंगांत राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले, आणि परत आल्यावर विटाळाचें स्नान करण्याचें त्यांनीं नाकारलें. त्यापायीं त्यांस आपलें बोर्डिंग सोडावें लागलें. ज्यास एका दारांतून असें बाहेर काढलें, त्यानें पुढें सर्वांसाठीं दार उघडलें. १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास त्यांचें बोर्डिंग निघालें. धनिणीच्या बागेंत त्या बोर्डिंगाची एकच चूल पेटली. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशीं सगळीं मुलें तेथें एकत्र दळीत, रांधीत व जेवीत. पैसा संपला तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रसुद्धां, विकून त्या मुलांच्या पोटांत अन्न घातलें. या बोर्डिंगांत वाढलेले पी. जी. पाटील केंब्रिजपर्यंत पोंचले, बॅरिस्टर झाले, आणि परत येऊन पुढें शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरु झाले. वाचकांनीं एक हिशेब ध्यानांत घ्यावा. भाऊरावांचें साताऱ्याचें बोर्डिंग १९२४ सालचें, आणि छत्रपति शिवाजी कॉलेज १९४७ सालचें. आधीं ताट मांडलें, मग तेवीस वर्षांनीं कॉलेज बांधलें.

पण पाठराखण करावयास राजा असावें लागतें, किंवा संस्था काढावी लागते, असेंही नाहीं. मुंबईस चर्नी रोडच्या बागेंत शाळा सुटल्यावर एक मुलगा पुस्तक वाचीत बसे. त्याच बागेंत विल्सन हायस्कुलांतले एक मास्तर, कृष्णाजी अर्जुन केळूसकर, येत असत. त्यांनीं त्या मुलाची विचारपूस केली, त्यास वाचावयास पुस्तकें देऊं लागले. १९०७ सालीं तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हां सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखालीं झालेल्या सत्कारांत केळूसकरांनीं आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्यास दिलें. पुढें कॉलेजचा खर्च बापास झेपेना, तेव्हां याच मास्तरांनीं खटपट करून त्यास सयाजीराव महाराजांपुढें नेलें आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळवून दिली. त्या कॉलेजांत उपाहारगृहवाला या मुलास चहा-पाणी देत नव्हता. पण प्रोफेसर म्यूलर त्यास पुस्तकें व कपडे देत होते. १९१२ सालीं तो मुलगा बी. ए. झाला, १९१३ सालीं अमेरिकेस गेला. तो मुलगा कोण हें सांगावयास नको. त्याची बुद्धि त्याची स्वतःचीच होती. पण बागेंत बसलेल्या एका मास्तरानें 'बाळ, तूं कोणाचा? काय वाचतोस?' हें विचारलें नसतें, तर त्या बुद्धीची वाट किती अधिक खडतर झाली असती! आम्हां शिक्षकांस शाल-श्रीफळाचे समारंभ पुष्कळ येतात. बागेंतल्या बाकावरचें हें काम आम्ही विसरलों.

आज सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें खोटें होईल. राजर्षि शाहूंच्या नांवाची फी-शिष्यवृत्ति आहे. पंजाबरावांच्या नांवाचा वसतिगृह-भत्ता आहे. वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठीं बाबासाहेबांच्या नांवाची स्वाधार योजना आहे. तशीच इतर मागासवर्गीयांसाठीं सावित्रीबाईंच्या नांवाची आधार योजना आहे. पुण्याच्या विद्यापीठांत कर्मवीरांच्या नांवानें 'कमवा व शिका' चालतें. २०२४ सालीं सरकारनें निर्णय केला कीं, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या मागास व दुर्बल घरांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी व परीक्षा-फी माफ. नांवें सगळीं आमच्या थोरांचीं. पण तो अर्ज भरतांना पोर एकटेंच! एक दाखला चुकला कीं या सर्व थोरांचीं दारें एकदम बंद.

आणि आमच्याच बहुजन पुढाऱ्यांनीं काढलेल्या संस्थांस आम्ही काय म्हणावें? कमानीवर फुले-शाहू-आंबेडकर, दिवाणखान्यांत भाऊरावांची तसबीर, आणि प्रवेशाच्या खिडकीवर देणगीची पावती! ज्या माउलीनें मंगळसूत्र मोडलें तिच्या तसबिरीस हार घालावयाचा, आणि वसतिगृहाच्या नांवानें दोन गळक्या खोल्या दाखवावयाच्या, हा सत्यशोधकांचा मार्ग नव्हे. भटशाहीवर बोट ठेवतांना आपलें बोट स्वच्छ आहे कीं नाहीं हेंही पाहिलें पाहिजे.

पण पुढाऱ्यांची वाट पाहत बसलों तर आणखी चार पिढ्या जातील. म्हणून खेड्यांतल्या लोकांच्या हातचें जें आहे तें सांगतों.

पहिलें काम दाखल्यांचें. उत्पन्नाचा चालू सालचा दाखला, जातीचा दाखला, जातपडताळणीचें प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास, आणि आधारास जोडलेलें बँकेचें खातें हें सर्व पोर अकरावी-बारावींत असतांनाच तयार ठेवावें. निकालानंतर धांवाधांव करून पडताळणी होत नाहीं. हें काम शिकलेल्या शेजाऱ्यानें अंगावर घ्यावें. अंगठेबहादूर बापावर सोडूं नये.

दुसरें, प्रत्येक गांवच्या शाळेंत एक वही ठेवावी. आपल्या व शेजारच्या गांवचे जे लोक शहरांत नोकरीधंद्यास आहेत त्यांचीं नांवें, पत्ते व फोन त्यांत लिहावे. पोर निघतांना त्याच्या हातांत नारळ नाहीं दिला तरी चालेल. त्या वहींतले दोन पत्ते द्यावे.

तिसरें, पहिल्या खेपेस एका मोठ्या माणसानें बरोबर जावें. निजण्याची जागा पाहावी, खाणावळींत एक वेळ जेवावें, एका तरी मास्तरास भेटून 'हें आमचें पोर' म्हणून सांगावें. धोतरांत किंवा लुगड्यांत कॉलेजच्या आवारांत जाण्यास शरमूं नये. शरम वाटावयाची असेल तर ती कॉलेजास वाटूं द्या.

चौथें, शहरांतल्या आमच्या शिकलेल्या भावांस. तुमच्या घरीं महिन्याचे चार रविवार येतात. त्यांतला एक या पोरांस द्या. दोन भाकऱ्या जास्त थापल्यानें कोणी भिकेस लागत नाहीं. मात्र दारांत आलेल्या पोरास आधीं जात विचाराल तर तुम्हीं पाठराखण केली नाहीं, नवें कुंपण घातलें. धनिणीच्या बागेंतली चूल एक होती, ती फोडूं नका.

पांचवें, पैशाचें. गांवांत दोनशें उंबरे असले आणि प्रत्येक उंबऱ्यानें महिन्यास २० रुपये काढले, तर महिन्याचे ४,००० व वर्षाचे ४८,००० रुपये होतात. अर्ज अडकला, शिष्यवृत्ति लांबली, तर दोन-तीन पोरांची खाणावळ तेवढ्यांत निभावते. जयंतीस एका रात्रींत जेवढा आवाज आपण विकत घेतों, त्याच्याहून हा खर्च थोडा आहे.

आणि शेवटचें आईबापांस. पोराचा फोन आला म्हणजे 'कितवा नंबर आला?' हें नंतर विचारा. आधीं 'जेवलास का? कोणाबरोबर जेवलास?' हें विचारा. 'कोणाबरोबर' याचें उत्तर तीन आठवडे आलें नाहीं तर समजा कीं पोर एकटें पडलें आहे, आणि एस्. टी. धरा. पहिल्या सहामाहींत इंग्रजी कळलें नाहीं, एखादा विषय राहिला, तर तो गुन्हा नव्हे. मुलीच्या बाबतींत तर आम्ही फारच घाई करतों. ती एकदां रडली कीं तिला घरीं आणून लग्नाची बोलणी लावतों. जी पोर सासरीं रडली तर 'नांदायला शीक' म्हणून परत धाडतों, तिला कॉलेजांत नांदण्यास वेळ कां देत नाहीं?

लोहाराच्या मुलाचें पुढें काय, असें वाचक विचारतील. तो आज भात्यावर आहे. लोहारकाम हलकें नव्हे. त्याच्या बापाच्या विळ्यावांचून आमच्या शेतांतलें पीक घरीं येत नाहीं. पण धंदा हौसेनें धरणें वेगळें, आणि दार बंद झालें म्हणून धरणें वेगळें. आम्हीं आमच्या शाळेंत वही घातली आहे, तींत आजवर अकरा नांवें झालीं आहेत. कोसभर अंतरावर राहणाऱ्या त्या गृहस्थास आम्ही स्वतः भेटलों. तो म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही, नाहीतर माझ्याच घरी ठेवला असता." हेंच उत्तर आम्हांस अधिक लागलें, कारण सांगण्याचें काम आमचें होतें. दाखले या वेळीं आधींच काढले आहेत. पोरानें अजून 'हो' म्हटलेलें नाहीं, 'बघू' म्हणतो. पण परवां त्यानें आमच्याकडून आपलें रसायनशास्त्राचें पुस्तक परत मागून नेलें.

त्यानें 'हो' म्हटलें तर जूनमध्यें तो निघेल, आणि त्याच्या शेजारच्या जागेवर आम्ही बसूं. वाचकांच्या गांवांतूनही यंदा एखादें पोर निघत असेल. त्याच्या शेजारची जागा रिकामी जाऊं देऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.